कुरण्यांच्या कॉम्प्युटरची वाटणी

भाऊसो कुरण्यांच्या घरात वाटणी होणार, ही बातमी कॉलनीत केरबा पाटलांनी पसरवली, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. सकाळी दुधाची पिशवी घेऊन ते कुरण्यांच्या खिडकीखालून चालले होते आणि आतून सोनमचा आवाज आला, "पप्पा, आता पार्टिशनशिवाय इलाज नाही." पाटील मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी दुसऱ्यांच्या बांधांवर साखळी ओढण्यात गेलेली. कुरण्यांना एकुलती एक मुलगी, ती अजून कॉलेजात, मग वाटणी कोणाकोणात होणार, असला बारीक प्रश्न त्यांना पडला नाही. नोकरीत त्यांनी विहिरीचे पायऱ्यांसकट हिस्से पाडलेले पाहिले होते. दुपारपर्यंत कॉलनीतल्या चार-दोन बायका कुरण्यांच्या पत्नी, दवाखान्यात नर्स असलेल्या अंजना सिस्टरना धीर देऊन गेल्या, आणि आपल्याला धीर कशासाठी दिला जातोय हे अंजनाबाईंना संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

प्रकरण कॉम्प्युटरचं होतं. दोन हजार सहा साल. कुरण्यांच्या घरात एकच कॉम्प्युटर, तोही सोनम दहावी पास झाली तेव्हा तिच्यासाठी म्हणून घेतलेला. पण घरातल्या चांगल्या वस्तूवर शेवटी कोण बसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊसो पाटबंधारे खात्याच्या एका कार्यालयात मुख्य लिपिक होते आणि ऑफिसातून आल्यावर पाय धुऊन जे कॉम्प्युटरपुढं बसत ते जेवायला हाक येईपर्यंत. कारणही तसंच होतं. त्यांच्या गावात, गडमुडशिंगीत, बौद्ध वस्तीनं धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्मरणिका काढायचं ठरवलं होतं आणि संपादक म्हणून भाऊसोंचं नाव एकमतानं मंजूर झालं होतं. गावात दीक्षेचा कार्यक्रम झाला तेव्हा जी माणसं हजर होती, त्यांतली जी राहिली होती, त्यांच्या आठवणी भाऊसोंनी उन्हाळाभर घरोघर फिरून लिहून आणल्या होत्या आणि एकेक करून टाइप केल्या होत्या. टाइप झाल्यावर हाताने लिहिलेले कागद ते फाडून टाकत. ऑफिसात नुकतंच कागदविरहित कामकाजाचं प्रशिक्षण झालं होतं आणि ते प्रशिक्षण मनावर घेतलेला सगळ्या कार्यालयात तो एकच माणूस होता.

इकडं सोनम बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. तिचा प्रोजेक्ट लिनक्सवर होता आणि घरचा कॉम्प्युटर विंडोजवर चालायचा, तीही जुनी विंडोज, कारण भाऊसोंचा मराठी फॉन्ट त्याच विंडोजवर उमटायचा. कॉलेजची लॅब लवकर बंद व्हायची आणि उघडी असेल तेव्हा मशीनपुढं रांग. तेव्हा तिनं मार्ग काढला की एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही सिस्टीम ठेवायच्या. आतल्या डिस्कचे दोन हिस्से करायचे, एकात विंडोज, एकात लिनक्स. मशीन चालू केलं की ते विचारणार, आज कोण हवंय?

केरबा पाटील संध्याकाळी सांत्वनाला आले तेव्हा भाऊसोंनी त्यांना हे समजावून दिलं. घर एकच, पण कारभारी दोन. एक कामावर असला की दुसरा झोपलेला. पाटलांनी चहा बशीत ओतून बराच विचार केला आणि विचारलं, दोघं एकदम उठले तर? सोनम म्हणाली, तसं होत नाही. पाटील म्हणाले, भावाभावांचंही आधी असंच असतं. मग त्यांनी नकाशा मागितला. सोनमनं पडद्यावर डिस्कची रंगीत पट्टी दाखवली. पाटलांनी चष्मा पुसून ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि एकच हरकत नोंदवली, ती अशी की मागच्या हिश्श्याला जायला वाट कुठं सोडलेली दिसत नाही.

"वाट न्हाय सोडली तर पुढं लई तरास हुतोय, कुरणेसाहेब. माझं ऐका."

भाऊसोंनी एक अट घातली. स्मरणिकेला धक्का लागता कामा नये. त्यासाठी आधी तिची प्रत बाजूला काढायची, आणि ती ते स्वतः काढणार. सोनम मी काढते म्हणाली, पण भाऊसोंनी हात वर केला. संपादकाची जबाबदारी त्यांना दुसऱ्याकडं सोपवायची नव्हती. शिवाय प्रशिक्षणात बॅकअपचा एक तास होता आणि त्या तासाला ते जागे होते.

त्यांनी फ्लॉपी आणली. पडद्यावर प्रत्येक आठवणीचं एक चित्र होतं, त्या माणसाच्या नावानिशी, ओळीनं मांडलेलं. सगळी चित्रं त्यांनी एकत्र उचलली आणि फ्लॉपीत टाकली. क्षणात काम झालं. एवढी उन्हाळाभराची मेहनत एका फ्लॉपीत मावली आणि वर जागाही उरली, ह्याचं सोनमला नवल वाटलं. तिनं तसं विचारलंही. भाऊसो समाधानानं म्हणाले की आपण मोजकं लिहितो, पाल्हाळ लावत नाही. मग त्यांनी आणखी एक प्रत काढली. एक फ्लॉपी अंजनाबाईंच्या कपाटात पैठणीच्या घडीत गेली. दुसरी केरबा पाटलांच्या घरी, कारण आग लागली तर दोन्ही प्रती एका छपराखाली असू नयेत. पाटलांनी ती शेताच्या उताऱ्यांच्या पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं.

रविवारी अमरसिंह खाडे आला. नाक्यावर त्याचा कॉम्प्युटर क्लास होता आणि कुठलंही काम अर्ध्या तासाचं असतं असं त्याचं मत होतं. सकाळी सुरू झालेला तो अर्धा तास दुपारच्या जेवणापर्यंत पोचला. अमरसिंह मोबाइलवर बोलायला अंगणात जायचा तेवढ्या वेळात सोनम काम पुढं ढकलायची, आणि तो आत आला की असंच करायचं होतं म्हणून मान हलवायचा. केरबा पाटील खुर्ची ओढून हद्दीवर लक्ष ठेवून बसले होते. भाऊसो उभे होते. ऑपरेशन थिएटरबाहेर लोक उभे असतात तसे, हे अंजनाबाईंनी बोलूनही दाखवलं, आणि त्या खऱ्या सिस्टर असल्यामुळे त्यांचं निरीक्षण खरं मानायला हरकत नाही.

पण जमलं. दोन्ही कारभारी आपापल्या खोलीत नीट बसले. स्मरणिका जागच्या जागी होती. भाऊसोंनी एकेक आठवण उघडून खात्री केली. अमरसिंह दोनदा वाढून घेऊन जेवला आणि गेला. गोष्ट खरं तर इथंच संपायला हवी होती.

ती संपली नाही ह्याला कारण एक शब्द. सोमवारी सकाळी भाऊसोंनी कॉम्प्युटर चालू केला तर काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. वरच्या ओळीत लिनक्स, नावगाव आणि नंबर सगळं घातलेलं. खालच्या ओळीत फक्त इंग्रजीत 'अदर'. भाऊसो शोधत राहिले की विंडोज कुठं गेली. तेवढ्यात पडद्यानं वाट बघायचं सोडलं आणि लिनक्स आपोआप उघडलं. मग एक खिडकी आली आणि तिनं भाऊसोंना विचारलं, तुमचं नाव काय आणि परवलीचा शब्द काय.

संध्याकाळी सोनमनं सांगितलं की अदर म्हणजेच विंडोज. ती लिनक्सची पद्धत आहे. स्वतःचं सोडून बाकी जे असेल त्याला ते अदर म्हणतं.

अदर म्हणजे इतर. भाऊसो ह्या शब्दाला चांगले ओळखून होते. शाळेच्या हजेरीपटापासून बढतीच्या याद्यांपर्यंत आपलं नाव कुठल्या रकान्यात पडतं हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. समारंभाच्या पत्रिकेत साहेबांची नावं छापून झाली की शेवटी 'व इतर' येतं, त्या इतरांत ते कैक वर्षं बसले होते. तिथून उठून मुख्य लिपिकाच्या खुर्चीपर्यंत यायला अर्धं आयुष्य गेलं होतं. आणि आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावरच्या मशीननं त्यांना परत तिथंच नेऊन बसवलं.

त्यांनी हे सोनमला बोलून दाखवलं नाही. नाव बदलता येतं का, एवढंच विचारलं. येतं की, ती म्हणाली, प्रोजेक्ट जमा झाला की बदलते. भाऊसोंनी मान डोलावली. पण 'झालं की करतो' ह्या उत्तराचा अर्थ जगात कोणाला नीट कळत असेल तर तो सरकारी कचेरीतल्या मुख्य लिपिकाला. स्वतः ते हेच उत्तर देत आले होते.

पुढं एक सुट्टी आली. सोनम कॉलेजच्या प्रदर्शनाला गेलेली, अंजनाबाई दवाखान्यात ड्यूटीवर. भाऊसोंनी विचार केला की लिनक्सची सीडी पहिल्यांदा घातली तेव्हा तिनं बरंच काही विचारलं होतं, भाषा कुठली, गाव कुठलं, घड्याळ किती. तेव्हा नावही विचारत असणार, आणि अमरसिंह मोबाइलवर असल्यामुळे ते राहून गेलं असणार. म्हणजे सीडी पुन्हा घालायची, प्रश्न येतील तशी नम्रपणे उत्तरं द्यायची आणि नावाच्या प्रश्नाला थांबायचं. योजनेत चूक कुठंच दिसत नव्हती.

सीडीनं प्रश्न विचारले. भाषा, घड्याळ. भाऊसोंनी उत्तरं दिली. मग डिस्कबद्दल एक लांबलचक इंग्रजी मजकूर आला आणि खाली तीन पर्याय. एक पर्याय आधीच निवडलेला होता. अनुभव असा की वरिष्ठांनी आधीच खूण केलेली असेल तर खालच्या माणसानं ती बदलू नये. भाऊसो पुढं गेले. मग लाल अक्षरांत एक इशारा आला. भाऊसोंनी तो वाचला नाही असं नाही. वाचला. पण सरकारी कागदावर लाल अक्षरांत काय काय लिहिलेलं असतं आणि त्यातलं किती खरं होतं हे त्यांना माहीत असल्यामुळे त्यांनी होय म्हटलं. पट्टी सरकत सरकत भरत गेली. भाऊसो नावाच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही.

मशीन पुन्हा चालू झालं तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती. लिनक्स. अदर गेलं होतं. एवढं मात्र खरं, की भाऊसोंना तो शब्द नको होता आणि तो आता कुठंच नव्हता.

सोनम आली आणि पडद्याकडं बघून खाली बसली. तिचा प्रोजेक्टही गेला होता, पण त्याची प्रत तिनं कॉलेजच्या मशीनवर ठेवलेली होती. तिला धसका बसला तो स्मरणिकेचा. अंजनाबाई ड्यूटीवरून आल्या, त्यांनी पर्स खांद्यावरच ठेवून काय झालं विचारलं. आणि ह्या सगळ्यात शांत कोण होतं तर भाऊसो. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं. असे प्रसंग येतात, म्हणाले. म्हणूनच माणसानं तरतूद करून ठेवायची असते. ते उठले, कपाट उघडलं आणि पैठणीच्या घडीतून फ्लॉपी काढली. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे तेज होतं ते अंजनाबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

फ्लॉपी घालायला विंडोज पाहिजे म्हणून सगळी वरात अमरसिंहाच्या क्लासवर गेली. केरबा पाटील दुसरी फ्लॉपी घेऊन आले, पेटीसकट. अमरसिंहानं फ्लॉपी घातली. सगळी चित्रं ओळीनं दिसली. नावं बरोबर होती. पहिलंच चित्र गावाकडच्या चिमणाबाईंच्या आठवणीचं. त्यानं ते उघडलं. उघडेना. दुसरं उघडेना. अमरसिंह पडद्याजवळ वाकला आणि त्यानं प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यातला बारीकसा बाण बोटानं दाखवला.

सांगायचं काम सोनमवर आलं. ती हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, हे शॉर्टकट आहेत. म्हणजे दारावरच्या पाट्या. तुम्ही पाट्या उचलून आणल्या. घरं तिथंच राहिली."

दुसऱ्या फ्लॉपीतही पाट्याच होत्या. केरबा पाटलांनी पेटीचं कुलूप पुन्हा लावलं.

अमरसिंहानं हार मानली नाही. पुसलेलं परत काढायचं एक सॉफ्टवेअर त्याच्याकडं होतं. कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून स्कूटरवरून क्लासवर आणला, भाऊसो मागे बसून तो पोटाशी धरून. त्या सॉफ्टवेअरनं दिवसभर डिस्क खणली आणि ढिगानं तुकडे वर आणले. त्यांतले जवळपास सगळे वाचता येत नव्हते. एकच कागद शाबूत निघाला. कॉलनीतल्या गटारीबद्दल केरबा पाटलांनी महापालिकेला केलेला अर्ज, जो भाऊसोंनी त्यांना टाइप करून दिला होता. पाटलांना आनंद लपवता आला नाही. त्यांची स्थळप्रत हरवली होती.

पुढचे काही दिवस जेवताना समोर ताट असे आणि भाऊसो भिंतीकडं बघत. ज्या माणसांनी त्यांना बोलावून, बसवून, आपल्या आयुष्यातला मोठा दिवस सांगितला होता, त्यांना आता काय तोंड दाखवायचं? त्यातले एक आजोबा पावसाळ्यात वारले होते. त्यांचं सांगणं तर आता कुठल्याच सीडीतून येणार नव्हतं. स्मरणिका समितीच्या अध्यक्षांचा फोन आला की ते उभे राहून सांगत, काम अंतिम टप्प्यात आहे. फोन ठेवला की खाली बसत.

शेवटी अंजनाबाईंनीच विषय काढला. दवाखान्यातला एखादा रिपोर्ट हरवतो, त्या म्हणाल्या. तेव्हा पेशंटला पुन्हा बोलावतात आणि पुन्हा रक्त घेतात. पेशंट चिडतो, पण येतो.

"म्हणजे पुन्हा जाऊ? त्यांच्या दारात?"

"जावा. आणि पोरीला घेऊन जावा. तुम्ही लिहिताना वर बघत नाही."

तेव्हा रविवारी बाप-लेक स्कूटरवरून गडमुडशिंगीला गेले. वस्तीतलं पहिलं घर चिमणाबाईंचं. नात्यानं भाऊसोंची आत्ती, वयानं वस्तीत सगळ्यांत मोठी, आणि तोंडानंही. भाऊसोंनी चप्पल काढायच्या आत सगळं कबूल केलं, कारण ह्या बाईसमोर उशीर केला तर ती स्वतः काढून घेते. कॉम्प्युटर, वाटणी, पाट्या, सगळं सांगितलं. चिमणाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकत होत्या.

"बरं झालं गेलं," त्या म्हणाल्या.

भाऊसोंनी तेव्हा कुठं चप्पल काढली आणि ते उंबऱ्याशी बसले.

"तू मागल्या वक्ताला वाचून दावलंस न्हवं का? मला काय कळलंच न्हाय. मी म्हटलं, ही कोण बाई हाय? लई शिकल्याली दिसतीया."

भाऊसोंना आठवलं. आपण काय लिहिलं होतं ते त्यांना अक्षरन् अक्षर पाठ होतं. 'सदर प्रसंगी श्रीमती चिमणाबाई यांनी शुभ्र वस्त्रे परिधान केली होती व त्या कार्यक्रमास वेळेवर उपस्थित होत्या.' तेव्हा हे वाक्य त्यांना चांगलं वाटलं होतं. एखाद्या अहवालात शोभलं असतं.

सोनम जमिनीवर बसून त्यांच्याबरोबर शेंगा फोडायला लागली. तिच्याकडं कागद नव्हता. तिनं विचारलं, "आज्जी, पांढरं लुगडं कुठनं आणलंसा?"

हा प्रश्न भाऊसोंनी विचारला नव्हता. कार्यक्रमाला पांढरे कपडे घालून यायचं असं ठरलं होतं, लोक आले होते, एवढं त्यांना पुरलं होतं.

चिमणाबाईंचा हात थांबला. "आणत्यात कुठलं? एकच लुगडं हुतं, त्येबी हिरवं. तीन दिस मी घरात कुनाशी बोललो न्हाय. सासू म्हनली, चल तशीच. मी म्हटलं, तशी न्हाय येत. मग ह्यांची दोन धोतरं हुती ती जोडून शिवली. जोड मागं घेतला. आणि वाटंनं जाताना सारखी मागं बघायचो, जोड दिसतोय का म्हनून. भाषनात कोन काय बोललं मला इचारू नगंस. माझं सगळं ध्यान मागंच."

त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. भाऊसो खिशात पेन शोधत होते. सोनमनं त्यांच्या हातावर हात ठेवला, आत्ता नको म्हणून.

ते घर झालं, मग पुढचं. सगळीकडं थोडी बोलणी खावी लागली, मग चहा मिळाला. पावसाळ्यात वारलेल्या आजोबांच्या घरी त्यांची बायको तानाबाई होती. भाऊसो मागच्या खेपेला तिच्या हातचा चहा पिऊन गेले होते, पण तिला काही विचारलं नव्हतं, कारण यादीत नाव नवऱ्याचं होतं. नवऱ्यानं काय सांगितलं होतं ते तिला ठाऊक होतं. ते तिनं सांगितलं, आणि त्यात त्यांनी कुठं कुठं बढाई मारली होती तेही सांगितलं.

घरी आल्यावर सोनम लिनक्समध्ये बसून सगळं जसं ऐकलं तसं टाइप करायची. त्यात मराठी यायची, नव्या पद्धतीची. भाऊसो मागे खुर्ची टाकून बसत. सुरुवातीला ते 'सदर' घालत आणि ती काढून टाकी. 'उपस्थित होते' घालत, ती 'आलते' करी. एकदा तर 'धोतर' ह्या शब्दावरून दोघांचं इतकं वाजलं की केरबा पाटील हद्दीचा वाद समजून आले. पण चारआठ दिवसांत भाऊसोंचा हात आपोआप मागं यायला लागला. एका संध्याकाळी त्यांनी स्वतः एक 'तत्संबंधी' खोडला आणि कोणी पाहिलं का म्हणून वळून बघितलं.

मग छापखान्याकडून निरोप आला की ही नवी मराठी आमच्या मशीनवर उमटत नाही, जुन्या फॉन्टमध्येच द्या. म्हणजे विंडोज आली. अमरसिंह पुन्हा अर्ध्या तासासाठी आला, पुन्हा जेवून गेला. ह्या खेपेला सीडी सोनमनं हातातून सोडली नाही. दिवसा ती लिनक्समध्ये लिहायची, त्याची कागदावर छपाई काढायची, संध्याकाळी भाऊसो विंडोजमध्ये ते जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करायचे. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर सोनम सकाळी पकडायची. प्रती अंजनाबाईंच्या देखरेखीखाली निघत आणि त्या प्रत्येक फ्लॉपी उघडून, आत घर आहे की नुसती पाटी, हे बघितल्याशिवाय कपाटात जाऊ देत नसत.

ह्याच दिवसांत कधीतरी भाऊसोंनी मशीन चालू केलं तर दोन ओळी बदललेल्या होत्या. वर इंग्रजी अक्षरांत 'भाऊसो कुरणे'. खाली 'सोनम कुरणे'. मशीन थांबलं होतं, ते आता घाई करत नव्हतं, कोणी बोट ठेवीपर्यंत वाट बघत होतं. भाऊसोंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अंजनाबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि विचारलं की ह्या घरात आणखीही एक माणूस राहतं, त्याची ओळ कुठं आहे. ह्या हरकतीला आजतागायत उत्तर मिळालेलं नाही.

स्मरणिका वेळेवर निघाली. प्रकाशन गावातल्या विहारात झालं. पाहुणे बोलले, अध्यक्ष बोलले. संपादकाचं मनोगत म्हणून भाऊसो उभे राहिले, त्यांनी दोनच वाक्यं म्हटली आणि पुढचं वाचन सोनम करेल असं सांगून बसले. अध्यक्षांना वाटलं, तब्येत बरी नसावी.

सोनमनं पहिली आठवण चिमणाबाईंची वाचली. चिमणाबाई पहिल्या रांगेत, स्वच्छ पांढऱ्या पातळात, हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. हिरवं लुगडं आलं, सासू आली. सोनमनं वाचलं, मग ह्यांची दोन धोतरं हुती ती जोडून शिवली.

"थांब गं," चिमणाबाई म्हणाल्या. सोनम थांबली. "दोन लिवलंय व्हय?"

"व्हय आज्जी. तुम्ही दोनच सांगितलंसा."

"मग आमचं मालक दीक्षेला काय नेसून आलतं?"

सगळं विहार हसलं. चिमणाबाई हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या, डोळे मिटून, एकेक घडी उलगडत असल्यासारख्या.

"दीड," त्या म्हणाल्या. "दीड धोतार. अर्धं त्यांनी गुंडाळलं हुतं, गुडघ्यापातूर. आणि वाटंनं मला म्हनत हुते, तू फुडं बघून चाल, मागनं मी हाय. जोड दिसू देत न्हाय कुनाला." मग त्या सोनमकडं वळल्या. "ह्ये मी कधी कुनाला सांगितलं न्हवतं. आत्ताच ध्यानात आलं. आता वाच."

पण छापून झालं होतं. प्रती सगळ्यांच्या हातात होत्या. अध्यक्षांनी संपादकांकडं पाहिलं. भाऊसोंनी खिशातलं पेन काढलं, मांडीवर आपली प्रत उघडली, 'दोन' खोडून वर 'दीड' लिहिलं आणि बाजूच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरांत, आत्ती जशी बोलली तसं, पुढचंही लिहून काढलं. 'सदर' त्यात कुठंही नव्हतं. शेजारच्यानं ते पाहिलं आणि पेन मागितलं. मग त्याच्या शेजारच्यानं. ज्यांच्याकडं पेन होतं ते लिहायला लागले, ज्यांच्याकडं नव्हतं ते थांबले. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, गुडघ्यापातूर की गुडघ्यापर्यंत. भाऊसो उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"गुडघ्यापातूर. ती बोलली तसंच लिहा."